खुर्चीमागचा माणूस

आमच्या ऑफिसात पहिला कॉम्प्युटर आला, तेव्हा त्याला स्वतंत्र खोली मिळाली, एसी मिळाला आणि धूळ बसू नये म्हणून प्लॅस्टिकचं झबलंही मिळालं. आमच्या वाट्याला पंखासुद्धा धड नव्हता. चपला बाहेर काढून आत जायचं. यंत्र एक, माणसं सात. म्हणजे एक जण खुर्चीत आणि बाकीचे खुर्चीमागे.

आता भाचा घरून काम करतो. ५१५ ग्रॅमचा क्वेस्ट ३ हेडसेट डोक्याला बांधला, की म्हणे त्याच्यासमोर तीन मॉनिटर उघडतात, हवे तेवढे मोठे. मला दिसतो तो भिंतीकडे तोंड करून हवेला चिमटे काढणारा मुलगा.

आमच्याकडे खुर्चीमागच्यांचं काम एकच, सूचना करणं. "अरे, वरची ओळ बघ, बेरीज तिथे चुकलीय." बोलणाऱ्याचं बोट थेट काचेवर. संध्याकाळी मॉनिटर बंद केला, की काळ्या काचेवर दिवसभराचे ठसे दिसत, वडापावच्या तेलासकट. ते पुसायचे, मग माउसच्या पोटातला गोळा काढून आतल्या रुळांवरचा मळ नखाने खरवडायचा आणि झबलं चढवून घरी जायचं.

फार छान होतं असं मात्र नाही. मागच्याचा श्वास मानेवर येई. साहेब दबक्या पावलांनी येत आणि सॉलिटेअर झाकायला नेमका अर्धा सेकंद कमी पडे. भाच्याच्या पडद्यात कुणाला डोकावता येत नाही. हे सुख आम्हाला मिळतं, तर निदान पत्त्यांचे डाव तरी पुरे झाले असते!

डोक्यावरचा पडदा तसा जुनाच. आयव्हन सदरलंड यांनी १९६८ मध्ये केलेला छताला टांगलेला असे. अ‍ॅपलचा २०२४ चा व्हिजन प्रो ३,४९९ डॉलरचा, पण बॅटरी वायरीने जोडून खिशात ठेवायची. आमचा यूपीएस निदान टेबलाखाली तरी असे.

परवा भाच्याची बेरीज जुळेना. मी सवयीने खुर्चीमागे जाऊन उभा राहिलो. समोर भिंत. त्याने ते यंत्र उतरवून माझ्या डोक्याला बांधलं. "हे बघ, तिसरी ओळ," म्हणत मी बोट दाखवलं.

"कुठली तिसरी, मामा? आता मला काहीच दिसत नाहीये."

शेवटी चूक सापडली ती लॅपटॉपवर. त्याच्या स्क्रीनवर ठसा आहे, तो माझा.