धमधम नको, लफ्ज हवेत

अब्बांनी आयुष्यभर आकाशवाणीची उर्दू सर्व्हिस ऐकली. आता कान मंदावलेत. मेहदी हसन लावला तरी लफ्ज कळत नाहीत म्हणून मोबाईल कानाला चिकटवून बसतात. म्हणून कामानिमित्त नांदेडहून लातूरला गेलो, तेव्हा गंजगोलाईतल्या एका दुकानात स्पीकर बघितले. बजेट ५ हजार.

दुकानदाराने भला मोठा वूफर लावला, काच थरथरली. खोक्यावर पीएमपीओचे हजारो वॅट! हा आकडा नुसता दिखाऊ. बघायचा तो आरएमएस. मी गझल लावायला सांगितली. तबल्याचा डग्गा घुमला, गाणारा दबला. मग ४ इंची वूफरची साधी जोडी ऐकली, २० वॅटची. गायकाचा श्वाससुद्धा कळला. तीच घेतली.

स्पीकर कोपऱ्यात ठेवले की खर्ज फुगतो आणि शब्द बुडतात. म्हणून भिंतीपासून हातभर पुढे, अब्बांच्या कानाच्या उंचीवर ठेवले. दोन्हींपासून खुर्ची सारख्या अंतरावर. अम्मीच्या मते निम्मी खोली अडली.

अब्बा म्हणाले, "धमधम नक्को बेटा, ऐसे लफ्जां होना." तिसऱ्या गझलेला मी काहीतरी बोलायला गेलो, तर त्यांनी हातानेच गप्प केले.