विजापूरच्या दोन वास्तू

बेळगाव-निपाणीकडील कुटुंबांनी सवड काढून एकदा विजापूर, म्हणजे आजचे विजयपूर, अवश्य पाहावे. तेथील गोल घुमट हा १६५६ साली निवर्तलेल्या मुहंमद आदिलशहाचा मकबरा होय. आतून सुमारे ३८ मीटर रुंद अशा या घुमटाखाली एकही खांब नाही. एकमेकींना छेदणाऱ्या कमानींनी त्याचा भार पेलला आहे. वरच्या सज्जातील कुजबूजही पलीकडे स्पष्ट ऐकू येते.

त्याच नगरात, पुत्र अली आदिलशहाने स्वतःच्या कबरीसाठी आरंभिलेली बारा कमान छपराविना उभी आहे. १६७२ साली तो निवर्तला आणि काम तसेच राहिले.

मुलांना दोन्ही वास्तू दाखवाव्यात. एकीत मनुष्याची बुद्धी दिसेल, दुसरीत त्याच्या आयुष्याची मर्यादा. आणि पितापुत्र दोघेही मातीतच विसावले आहेत.