न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर



'नेहमी खरे बोलावे' हे वाक्य मी फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल, त्याची मोजदाद नाही. पण एकदा या वाक्याने माझीच परीक्षा घेतली.

मी बुवापाड्यात राहते. आमचं मूळ गाव मुरबाड तालुक्यात. वडील गेल्यावर तिथलं एक एकर, म्हणजे 40 गुंठे भातशेत विकायचं ठरलं. फेब्रुवारीत शेजारच्या गावातले एक शेतकरी दादा शेत बघायला आले. शेत कोरडं, बांध नीट. त्यांना पसंत पडलं.

त्यांनी सातबारा बारकाईने वाचला. तुम्हाला माहीतच असेल, नमुना सातमध्ये मालकाचं नाव, क्षेत्र आणि 'इतर हक्क' असतात, तर नमुना बारामध्ये पिकांची नोंद. सोसायटीच्या कर्जाचा बोजा, कुळाचा हक्क अशा गोष्टी 'इतर हक्कात' दिसतात. आमचा रकाना कोरा होता.

पण सातबाऱ्यावर नसलेली एक गोष्ट मला माहीत होती. जुलैत ओढा भरला की खालचे 10 गुंठे पाण्याखाली जातात. दोनदा आमची लावणी वाहून गेली होती.

काका हळूच म्हणाले, "विचारलं तर सांग. नाहीतर गप बस."

खरं सांगते, मी गप्प बसले. आईच्या औषधपाण्याला पैसे हवे होते. पण घरी आल्यावर झोप लागेना. दुसऱ्या दिवशी दादांना फोन करून सगळं सांगितलं. काका महिनाभर बोलले नाहीत. दादांनी भाव कमी केला, पण शेत घेतलं.

खरेदीखताच्या वेळी वकिलांनी सांगितलं, "मॅडम, तुम्ही कायद्यानेच वागलात." मालमत्ता हस्तांतरण कायदा 1882, कलम 55. जमिनीतला किंवा मालकीतला मोठा दोष विकणाऱ्याला माहीत आहे, घेणाऱ्याला माहीत नाही आणि नेहमीची काळजी घेऊनही त्याला तो कळणार नाही, तर विकणाऱ्याने तो स्वतःहून सांगायला हवा. जाणूनबुजून लपवला तर ती फसवणूक ठरते.

म्हणजे कागद वाचणं हे घेणाऱ्याचं काम, आणि कागदावर नसलेलं सांगणं हे विकणाऱ्याचं.

पालकहो, आपल्या अंबरनाथ-बदलापूर भागात जमिनीचे व्यवहार रोजचेच. सातबारा महाभूलेखवर बघता येतो. एकदा मुलांना शेजारी बसवून तो वाचा. गुंठ्याचं गणितही होईल : 33 फूट गुणिले 33 फूट, 1089 चौरस फूट.

मी आता वर्गात विचारते, "तुमच्या सायकलचा ब्रेक लागत नाही. मित्र ती विकत घेतोय, पण त्याने ब्रेकचं विचारलंच नाही. तुम्ही काय कराल?"

पहिल्यांदा विचारलं तेव्हा निम्मा वर्ग गप्प होता. मी रागावले नाही. मीही एक रात्र गप्प होतेच ना!

तुमच्या मुलांना हा प्रश्न नक्की विचारा.