वेळापत्रकाने वाहणारी नदी

कोल्हापूरकरांना नदीची ओळख करून द्यावी लागत नाही. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानली जाणारी सरस्वती मिळून पंचगंगा होते, हे येथील मुलांना शाळेत जाण्याआधीच ठाऊक असते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात तिचे पाणी शाहूपुरीसारख्या व्यापारी भागातही शिरले. मालाची झालेली नासाडी अनेक कुटुंबे विसरलेली नाहीत. त्यामुळे तरुण मंडळींनी 'राफ्टिंग'चा विषय काढला, की वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठी पडते. पाण्याशी कसला खेळ, हा त्यांचा प्रश्न असतो आणि तो अनुभवातून आलेला असतो.

महाराष्ट्रात या साहसासाठी प्रसिद्ध असलेली नदी म्हणजे रायगड जिल्ह्यातील कोलाडजवळची कुंडलिका. पुण्यापर्यंत महामार्गाने, पुढे पौड, मुळशी व ताम्हिणी घाटमार्गे गेल्यास कोल्हापूरपासूनचे अंतर सुमारे साडेतीनशे किलोमीटर भरते. पुण्याच्या वेशीवर कात्रजच्या आगम मंदिरात दर्शन घेऊन पुढे निघता येते.

हा मार्ग निवडण्याचे आणखी एक कारण आहे. कुंडलिकेत ज्या पाण्यावर नाव तरंगते, त्याचा उगमच वाटेत दिसतो. मुळशीचा विस्तीर्ण जलाशय टाटांच्या जलविद्युत योजनेसाठी उभारण्यात आला. त्यातील पाणी सह्याद्रीचा कडा उतरून भिरा येथील वीजगृहात येते, जनित्रे फिरवते आणि मग कुंडलिकेच्या पात्रात सोडले जाते. म्हणजे ही रानटी वाटणारी नदी वस्तुतः वेळापत्रकाने वाहते. पाणी बहुधा सकाळी येते. त्याच्या लोंढ्यासोबत नावा सुटतात आणि पाणी ओसरले की पात्र पुन्हा खडकाळ होते. उशिरा पोहोचणाऱ्यासाठी नदी थांबत नाही. म्हणून आदल्या दिवशी पाणी सुटणार की नाही याची चौकशी करावी आणि मुक्काम कोलाड परिसरातच ठेवावा.

प्रवाहाच्या अवघडपणाच्या एक ते सहा अशा श्रेणी मानतात. कुंडलिका साधारणतः दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीत मोडते. पोहता येणे सक्तीचे नसते, परंतु जीवरक्षक जाकीट आणि शिरस्त्राण अनिवार्य असते. नावेत पाण्यात पडण्याचा प्रसंग आलाच, तर पाठीवर तरंगावे, पाय प्रवाहाच्या दिशेला ठेवावेत आणि उथळ वाटले तरी उभे राहण्याचा प्रयत्न करू नये. खडकांच्या फटीत पाय अडकणे हा बुडण्याइतकाच मोठा धोका आहे. हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब किंवा अपस्मार असणाऱ्यांनी आणि गर्भवती स्त्रियांनी काठावरूनच आनंद घ्यावा. लहान मुलांसाठी आयोजकाची वयोमर्यादा आधीच विचारावी, तिच्यात सवलत मागू नये. साखळ्या-अंगठ्या, भ्रमणध्वनी घरी किंवा सुरक्षित कुलपात ठेवावेत. चष्मा दोरीने बांधावा.

मात्र जैन कुटुंबापुढे याहून मोठा प्रश्न उभा राहतो. जल हे आपल्या दृष्टीने केवळ पदार्थ नाही, तो अप्कायिक जीवांचा समूह आहे. आचार्य समंतभद्रांनी 'रत्नकरंड श्रावकाचारा'त अनर्थदंडाचे प्रकार सांगताना प्रमादचर्येत पाण्याचा निष्कारण आरंभ आणि निष्कारण भटकणे या दोहोंचा समावेश केला आहे. दोन्ही गोष्टी या सहलीत आहेत. त्यामुळे 'मौज म्हणून जातो' एवढे उत्तर श्रावकाला पुरत नाही. काही घरांत या विचारानेच बेत रद्द होतो आणि तो निर्णय आदरणीय आहे. ज्या घरांत बेत ठरतो, तेथे त्याला मर्यादेचे कुंपण हवे. चातुर्मासात मुनिमहाराज जीवरक्षेसाठी एका स्थानी स्थिर राहतात, त्या काळात श्रावकांनी असा बेत आखू नये. कार्तिकी पौर्णिमेनंतर जावे. प्रवासाची दिशा व अंतर निघण्यापूर्वीच ठरवून देशावकाशिकाचे भान ठेवावे. नावेतून उतरल्यावर तासन् तास पाण्यात डुंबणे, परस्परांवर पाणी उडवणे टाळावे.

हिवाळ्यात दिवस लहान असल्याने आहाराचे नियोजनही आधीच करावे लागते. सूर्यास्तापूर्वीचे जेवण, कंदमूळ वर्ज्य असलेला स्वयंपाक आणि गाळलेले पाणी यांची व्यवस्था मुक्कामाच्या ठिकाणी स्पष्ट शब्दांत सांगावी. नवकारसी करणाऱ्यांनी नाव सुटण्याची वेळ विचारून घ्यावी. रात्री शेकोटीभोवती होणाऱ्या खानपानातून आपल्या मंडळींना नम्रपणे बाजूला ठेवणे, हे वडीलधाऱ्यांचे काम.

प्रयोजनाचा प्रश्न तरीही उरतो, आणि त्याचे उत्तर मुळशीच्या काठावर शोधता येते. गाडी तेथे थांबवून मुलांना सांगावे, की या पाण्याखाली मावळातील शेतकऱ्यांची भातखाचरे आणि गावे आहेत. १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली येथे सत्याग्रह झाला, तरीही धरण झालेच. मुळेचे पाणी मूळचे पूर्वेचे. ते भीमेतून कृष्णेला मिळायचे, त्याच कृष्णेला, जिच्यात नृसिंहवाडीजवळ आपली पंचगंगा मिसळते. माणसाने ते कड्यावरून पश्चिमेला वळवले. आता ते रेवदंड्याजवळ अरबी समुद्राला मिळते. दुकानातील दिवा लावताना विजेची किंमत बिलावर दिसते. तिच्यासाठी कोणी काय दिले, हे मात्र तेथे छापलेले नसते. ती बाजू मुलांच्या लक्षात आली, तर या भटकण्याला निष्कारण म्हणता येणार नाही.