खाडा

रंगपंचमीला मढीला गेलात तर आधी गाढवं दिसतात. पाथर्डी तालुक्यातल्या या गावी कानिफनाथांचा गड आहे. वर समाधी, खाली रेवड्यांचे ढीग आणि यात्रेतला तो गाढवांचा बाजार. लहानपणी वडिलांच्या खांद्यावरून मी एवढंच पाहिलं. पालांच्या पलीकडे गोल करून बसलेले ते फेटेवाले कोण, असं विचारल्यावर वडील म्हणाले, "पंच आहेत. तिकडं बघायचं नाही."

मढीला भटक्यांची पंढरी म्हणतात. वर्षभर रानोमाळ हिंडणाऱ्या जमाती इथं भेटायच्या, सोयरिकी जुळवायच्या, तंटे सोडवायच्या. जातपंचायत हे त्यांचं कोर्ट, आणि ते उगीच उभं राहिलं नव्हतं. १८७१च्या कायद्यानं इंग्रजांनी कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. तो कायदा १९५२ साली गेला. लोकांच्या नजरेतला शिक्का गेला असं कोण म्हणेल? चौकीची पायरी चढलो तर आपल्यालाच आत घालतील, अशी ज्याची खात्री, तो पंचांकडंच जाणार. पुढं त्याच हातांनी मानगूट धरली. दंड, काही जमातींत उकळत्या तेलातून नाणं काढायला लावणं, आणि सगळ्यात जहरी म्हणजे वाळीत टाकणं. त्यात कुणी अंगाला हात लावत नाही. फक्त लग्नाचं आवतण येत नाही, पोरीला स्थळ येत नाही, मयताला खांदा मिळत नाही.

२०१३ साली नाशिकला जातीबाहेर लग्न केलेल्या गरोदर मुलीचा जीव बापानंच घेतला, तेव्हा कुठं हे पेपरात आलं. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीनं जातपंचायत मूठमाती अभियान सुरू केलं, आणि त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात समितीच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. अभियान थांबलं नाही. २०१६ला विधिमंडळानं सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला, जुलै २०१७पासून तो लागू झाला. वाळीत टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

हे सगळं वाचताना मला वाटायचं, बिचारे, शिक्षण नाही ना! मी बँकेत पासिंग ऑफिसर.

वडील गेले तेव्हा नगरच्या सावेडीतल्या एका मंडळाची माणसं तेराव्यापर्यंत दोन वेळचा डबा देऊन गेली. मंडळाचं नाव सांगत नाही. सख्खे भाऊ परगावी होते, हे दारात होते. मी दर गुरुवारी त्यांच्या प्रवचनाला जायला लागलो. मग हजेरीची वही आली, मग 'बाहेरची पुस्तकं नकोत, मन गढूळ होतं' असं आलं. प्रत्येक गोष्ट इतकी बारीक, की हरकत घेणं कोतेपणाचं वाटावं. माझे दोन जुने मित्र कधी गळाले, मला कळलंसुद्धा नाही.

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नेमकं गुरुवारी निघालं. खाडा पडला. पुढच्या गुरुवारी मला सगळ्यांसमोर उभं केलं. मंडळाचे प्रमुख, दादा, शांतपणे म्हणाले, "आई कुणाची? देहाची." पन्नास माणसं होती, कुणी हसलं नाही, कुणी मान वर केली नाही. मी हात जोडून माफी मागितली. बेचाळीस वर्षांचा बाप्या मी, आणि घरी येऊन बायकोला सांगितलं, "आज प्रवचन फार छान झालं." त्या खोटं बोलण्यानं मला जागं केलं, प्रवचनानं नव्हे. रात्रभर डोळ्यांपुढं मढीचे फेटे होते.

मी सुटलो, कारण माझ्यापाशी पगार होता आणि मुलीचं स्थळ दादांच्या हातात नव्हतं. पालावरच्या बाईपाशी यातलं काय होतं?

तुमच्या घरचं कुणी असल्या ठिकाणी रमलं असेल, तर वाद घालू नका; तिथं शिकवतात काय, दादा खरे की खोटे, यात शिरूच नका. एक आठवडा जाऊ नकोस, एवढंच म्हणा. मग फोन कुणाचा येतो आणि तो तब्येत विचारतो की जाब, ते शेजारी बसून ऐका.