हिऱ्याचा उंबरठा

हिऱ्याविषयी माझे मत कधीच चांगले नव्हते. सोने निदान अडीअडचणीला मोडता येते, संसाराला लागते. हिरा नुसता पैलूंत प्रकाश खेळवीत बसतो. थोरल्या भावाच्या फीसाठी आईच्या नाकातली हिऱ्याची चमकी मोडली, तेव्हा सराफाने वजन केले ते सोन्याचे. खडा हिशेबातच धरला नाही!

असा हा कृपण इलेक्ट्रॉनच्या बाबतीत मात्र कर्णाचा अवतार आहे, हे वाचले तेव्हा मी चष्मा पुसून तो परिच्छेद पुन्हा वाचला.

धातूतला इलेक्ट्रॉन सुखासुखी घर सोडीत नाही. व्हॉल्व्हचे रेडिओ आठवा. आतली नळी तापायची, मग कुठे गाणे उमटायचे. टंगस्टनची तार तर २,००० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवावी लागते. हिऱ्याची तऱ्हाच न्यारी. हिम्पसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ साली दाखवून दिले की, हिऱ्याच्या एका विशिष्ट पृष्ठाला उंबरठाच नाही. उलट माजघराची जमीन अंगणाहून उंच! माजघरातला इलेक्ट्रॉन दाराशी आला की आपसूक बाहेर घरंगळतो. हे औदार्य पृष्ठावरच्या हायड्रोजनच्या एकपदरी थराचे. त्या जागी ऑक्सिजन बसवा, की दार बंद. हिरा तोच, स्वभाव निराळा. (सासुरवाडीची माणसे आली की काही गृहस्थांचे असेच होते.)

मेख आहे ती आत. इलेक्ट्रॉन राहतात तळघरात, आणि तिथून माजघरापर्यंतची शिडी ५.५ इलेक्ट्रॉन व्होल्टची. अतिनील प्रकाशाने ती चढविता येते, किंवा बोरॉन-फॉस्फरस मिसळलेल्या थरांतून विजेच्या दाबाने. १९९०च्या दशकात हिऱ्याच्या पातळ थरांचे सपाट पडदे करण्याची मोठी हौस आली होती, ती विरली. पृष्ठभर सारखे इलेक्ट्रॉन निघतील तर ना!

जपानी संशोधकांनी २०१२ साली हिऱ्याचा १०,००० व्होल्टचा निर्वात स्विच करून दाखविला. मला मात्र त्याहून मोलाचा वाटतो तो विस्कॉन्सिन विद्यापीठातला २०१३चा प्रयोग. हिरा पाण्यात ठेवून त्यावर अतिनील प्रकाश टाकला. पाण्यात उतरलेल्या इलेक्ट्रॉनांनी तिथल्या नायट्रोजनचा अमोनिया केला. अमोनिया, म्हणजे खताचे मूळ! प्रमाण अगदी अल्प. वाफाभर मेथीलाही पुरायचे नाही. पण या कामाला दागिन्याचा हिरा लागत नाही. प्रयोगशाळेत वायूपासून वाढविलेला, बोरॉनने काळवंडलेला तुकडाही चालतो.