ल माँ १९९१ : माझ्दाचे रोटरी इंजिन आणि बंदीची दंतकथा

हिरोशिमा येथील माझ्दा या जपानी कंपनीने २२ आणि २३ जून १९९१ रोजी फ्रान्समधील ल माँ येथील चोवीस तासांची शर्यत जिंकली, ही घटना मोटारशर्यतींच्या इतिहासात जितकी प्रसिद्ध आहे तितकीच ती चुकीच्या कारणासाठी प्रसिद्ध आहे. या विजयावर दिवाळी अंकासाठी लेख हवा, अशी सूचना संपादकांकडून आली तेव्हा तिच्यासोबत आलेला प्रश्नही नेहमीचाच होता : जिंकल्याबरोबर त्या इंजिनावर बंदी का घालण्यात आली? प्रस्तुत लेखकाला व्याख्यानांनंतरच्या प्रश्नोत्तरांत हाच प्रश्न वर्षानुवर्षे विचारला जात आला आहे, आणि त्याचे उत्तर द्यायचे तर आधी इंजिनाकडे व मग नियमपुस्तकाकडे वळावे लागते.

नेहमीच्या मोटारीत सिलिंडरमध्ये पिस्टन खाली-वर होतो आणि क्रँकशाफ्ट त्या हालचालीचे रूपांतर फिरत्या गतीत करतो. जर्मन संशोधक फेलिक्स वांकेल यांच्या कल्पनेतून निघालेल्या रोटरी इंजिनात पिस्टन नसतो. कमरेत किंचित दबलेल्या लंबगोल कप्प्यात फुगीर बाजूंचा एक त्रिकोणी रोटर फिरतो आणि त्याच्या तीन बाजू व कप्प्याची भिंत यांच्यामधील पोकळ्यांत इंधन आत घेणे, दाबणे, जाळणे व धूर बाहेर टाकणे ही चारही कामे क्रमाने घडतात. रोटरच्या तिन्ही टोकांना पट्ट्या बसवलेल्या असतात, ज्यांना टोकाची सील म्हणता येईल. त्या भिंतीला सतत घासत राहून एका पोकळीतील वायू दुसरीत जाऊ देत नाहीत. या इंजिनाचे यशापयश मुख्यतः या पट्ट्यांवर अवलंबून राहिले आहे.

माझ्दाने जर्मनीच्या एनएसयू कंपनीशी या इंजिनाच्या परवान्याचा करार १९६१ मध्ये केला, त्यामागे तांत्रिक कुतूहलापेक्षा अस्तित्वाची चिंता अधिक होती, कारण जपान सरकार लहान मोटार कंपन्यांचे मोठ्या कंपन्यांत विलीनीकरण करण्याचा विचार करीत होते आणि स्वतंत्र राहायचे तर इतरांजवळ नसलेले काही तरी हाती असणे कंपनीचे अध्यक्ष त्सुनेजी मात्सुदा यांना आवश्यक वाटत होते. केनिची यामामोतो यांच्या हाताखालील सत्तेचाळीस अभियंत्यांच्या गटाला पहिल्या इंजिनांच्या आतील भिंतीवर लाटांसारखे ओरखडे दिसले, ज्यांना ते सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणत. पट्ट्यांचे द्रव्य व घडण बदलून त्यांनी ते दूर केले आणि १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट ही मोटार बाजारात आली. पुढच्याच वर्षी ही मोटार जर्मनीतील न्युर्बुर्गरिंगवर चौऱ्याऐंशी तासांच्या शर्यतीत उतरवण्यात आली आणि दोनपैकी एक चौथी आली. शर्यत हे येथे जाहिरातीचे साधन होतेच, परंतु त्याहून अधिक ते ग्राहकांच्या शंकेला दिलेले उत्तर होते : ही पट्टी टिकते.

या इंजिनाच्या आकारमानाचा वाद येथे सविस्तर मांडणे भाग आहे, कारण भारतात १२०० सीसीच्या मर्यादेवर लहान पेट्रोल मोटारींचा कर ठरतो आणि त्यामुळे सीसी म्हणजे इंजिनाचे एक निर्विवाद माप, असा समज येथे घट्ट रुजलेला आहे. माझ्दाच्या ७८७बी या विजेत्या मोटारीत चार रोटरांचे आर२६बी हे इंजिन होते. प्रत्येक रोटरच्या एका पोकळीचे माप ६५४ सीसी धरले तर चारांचे २६१६ सीसी होते, आणि एवढ्या लहान इंजिनातून सुमारे ७०० अश्वशक्ती मिळाल्याचे आश्चर्य वारंवार व्यक्त केले जाते. परंतु चार फटक्यांच्या पिस्टन इंजिनात प्रत्येक सिलिंडर शाफ्टच्या दोन फेऱ्यांत एकदाच पेट घेतो, तर रोटरी इंजिनात प्रत्येक रोटर शाफ्टच्या प्रत्येक फेरीत एकदा पेट घेतो. म्हणून दोन फेऱ्यांचा हिशेब केला तर हे इंजिन ५२३२ सीसीच्या पिस्टन इंजिनाइतकी हवा ओढते. तिन्ही पोकळ्या मोजून ७८४८ सीसी असा आकडा सांगणारेही आहेत, मात्र ते हे विसरतात की रोटरच्या एका फेरीत शाफ्टच्या तीन फेऱ्या होतात आणि तो आकडा त्या तीन फेऱ्यांचा आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते दुपटीचा हिशेब सर्वांत न्याय्य आहे, आणि तो मान्य केल्याने या इंजिनाचे मोल तसूभरही कमी होत नाही.

शिवाय १९९१ मध्ये हा वाद निकालाच्या दृष्टीने गैरलागू होता. ज्या ग्रुप सी नियमांखाली माझ्दा धावली त्यांत इंजिन किती मोठे असावे यावर बंधन नव्हते, बंधन इंधनावर होते : चोवीस तासांसाठी २५५० लिटर, थेंबभरही अधिक नाही. विजेत्या मोटारीने सुमारे १३.६ किलोमीटरच्या मार्गावर ३६२ फेऱ्या, म्हणजे ४९०० किलोमीटरहून अधिक अंतर कापले, याचा अर्थ तिला लिटरमागे जवळजवळ दोन किलोमीटर जावे लागले. रोटरी इंजिनाची सर्वांत मोठी उणीव म्हणजे त्याची इंधनाची भूक. जळण्याची पोकळी लांबट व चपटी असल्याने ज्योत सर्वत्र पोहोचायला वेळ लागतो आणि उष्णता भिंतींतून निघून जाते, आणि १९७३ च्या तेलटंचाईत याच उणिवेने कंपनीला जवळजवळ बुडवले होते. असे इंजिन इंधन मोजून देणाऱ्या शर्यतीत जिंकले, हे या विजयाचे खरे मर्म आहे. त्यासाठी प्रत्येक रोटरला तीन स्पार्क प्लग देण्यात आले, हवेच्या नळ्यांची लांबी इंजिनाच्या वेगानुसार बदलेल अशी रचना केली गेली आणि टोकांच्या पट्ट्या सिरॅमिकच्या बनवल्या गेल्या. बंदीची सनसनाटी हकिकत सांगणाऱ्यांना या नळ्यांविषयी एक वाक्यही लिहावेसे वाटत नाही, याचा खेद वाटतो.

विजयाच्या मोजमापात वजनाची सवलतही प्रामाणिकपणे धरली पाहिजे. त्या वर्षी मर्सिडीज व जग्वार यांच्या जुन्या नियमांच्या मोटारींना किमान १००० किलो वजन ठेवावे लागले, तर माझ्दाला ८३० किलोची मुभा मिळाली. तोवर ल माँ येथे ही कंपनी सातव्या क्रमांकाच्या पुढे कधीच गेली नव्हती, हे येथे लक्षात घ्यावे. १७० किलोंचा हा फरक ब्रेक, टायर आणि इंधन या तिन्हींवर परिणाम करणारा असून त्याच्याविना हा निकाल लागला असता असे ठामपणे म्हणता येत नाही. तथापि एकोणिसाव्या स्थानावरून सुरुवात करणारी जॉनी हर्बर्ट, फोल्कर वाइडलर व बर्ट्रांड गाशो यांची ५५ क्रमांकाची मोटार रात्रभर वेग न सोडता धावली, आणि अखेरच्या टप्प्यात आघाडीवरील मर्सिडीज इंजिन तापून थांबली तेव्हा तिची जागा घेण्याइतकी जवळ तीच होती. ७.४ लिटरच्या बारा सिलिंडरांची जग्वार दोन फेऱ्या मागे राहून दुसरी आली.

आता बंदीकडे. १९९२ पासून विश्व अजिंक्यपद मालिकेच्या मुख्य वर्गात फॉर्म्युला वनप्रमाणे टर्बोविरहित ३.५ लिटरचे पिस्टन इंजिनच चालेल, या नियमाने रोटरीला दार बंद झाले, हे खरे आहे. परंतु तो नियम माझ्दाच्या विजयाआधीच ठरलेला होता, १९९१ हे केवळ संक्रमणाचे वर्ष होते, आणि त्याच नियमाने जग्वारचे प्रचंड बारा सिलिंडरांचे व मर्सिडीजचे टर्बो इंजिनही त्या वर्गातून बाद केले. माझ्दाच्या अभियंत्यांना ही शेवटची संधी असल्याचे आधीच ठाऊक होते, आणि त्यांनी ती साधली, ही हकिकत सूडाच्या दंतकथेपेक्षा कितीतरी अधिक आदरास पात्र आहे. पराभूतांनी कट केला असे म्हणणे म्हणजे त्या अभियंत्यांच्या कामाचे श्रेय त्यांच्या तथाकथित शत्रूंना देणे होय.

कंपनीने १९९२ मध्ये दहा सिलिंडरांच्या पिस्टन इंजिनाची मोटार उतरवली, ती ल माँ येथे चौथी आली, आणि त्यानंतर कंपनी या मालिकेतून बाहेर पडली. पुढे नियम पुन्हा बदलले आणि १९९५ मध्ये माझ्दाचे तीन रोटरांचे इंजिन बसवलेली कुड्झू ही मोटार त्याच ल माँ येथे एकंदरीत सातवी आली. रोटरीवर कायमची बंदी घातली गेली असे सांगणाऱ्यांनी या एका निकालाचे स्पष्टीकरण आधी द्यावे.